घरकुल मिळाले, शेजाराचे काय?

शासकीय घरबांधणीचा हिशेब नेहमी घरांच्या संख्येत मांडला जातो. किती घरकुले मंजूर झाली, किती पायापर्यंत आली, कितींवर स्लॅब पडला आणि कोणाच्या खात्यावर कितवा हप्ता जमा झाला, या रकान्यांची उजळणी प्रत्येक आढावा बैठकीत होते. शेवटचा हप्ता दिला, घरासमोर उभ्या असलेल्या लाभार्थ्याचे छायाचित्र चढवले, की फाइल बंद होते. वस्तुतः त्या माणसाचा संसार त्याच दिवशी सुरू होतो. आणि संसाराला जशा चार भिंती लागतात तसा त्या भिंतींपलीकडचा शेजारही लागतो. तो शेजार उपद्रवी निघाला तर दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर आमच्या आवास योजनांच्या कागदपत्रांत शोधूनही सापडत नाही.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना केदारेश्वराच्या मंदिरामुळे ठाऊक आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील हे मंदिर, त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी आणि गावचा किल्ला यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु धर्मापुरीत काय किंवा परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यातील इतर कोणत्याही गावात काय, माणसे मंदिरात राहत नाहीत. ती गावठाणातल्या जुन्या माळवदी घरांत राहतात आणि गेल्या चाळीस वर्षांत गावाच्या कडेला वाढत गेलेल्या घरकुलांच्या ओळींत राहतात. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. राज्याच्या रमाई, शबरी आदी योजनांची त्यात भर पडली. आजच्या नियमाप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. म्हणजे सुमारे पावणेतीनशे चौरस फुटांत एक कुटुंब, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या भिंतीला भिंत लावून दुसरे. पत्र्यावर पडलेला पाऊस शेजारच्या अंगणात पडतो, एकाच्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्याशी येते, आणि एका घरातली शिवी चार घरांत ऐकू जाते.

हा उपद्रव म्हणजे नेमके काय, हे शहरातल्या वाचकाला कदाचित क्षुल्लक वाटेल. ओळीतल्या एका घरात हातभट्टीची किंवा देशीची चोरटी विक्री सुरू होते. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊ लागते. ते बाहेरच्या ओट्यावर बसते, तेथेच पिते आणि तेथेच लघवीला उभे राहते. दुसऱ्या घरात पत्त्यांचा अड्डा बसतो. तिसऱ्याने वाढदिवसाचे निमित्त काढून रस्त्यावर मांडव घातलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत कर्ण्यांच्या भिंतीने घराची पत्रे थरथरत असतात. नळाला मोटार लावून पाणी ओढणे, सांडपाणी मुद्दाम दुसऱ्याच्या दारी वळवणे, पेंढी-उकिरडा सामाईक वाटेवर रचणे, आणि हटकले असता आई-बहिणीवरून बोलणे. यांतली कोणतीही एक गोष्ट खुनाइतकी गंभीर नाही. पण दहावीचा अभ्यास करणारी मुलगी, शहरातून मोकळी होऊन आलेली बाळंतीण, दम्याचा म्हातारा, किंवा घरात एकटी राहणारी बाई यांना ती रोज, वर्षानुवर्षे सोसावी लागते. शिक्षकांना हे अधिक समजेल. वर्गात मान टाकून झोपणाऱ्या मुलाला आपण आळशी ठरवतो. तो रात्री कोठे झोपला होता हे विचारण्याची आपली पद्धत नाही.

या पट्ट्यात त्यात आणखी एक गोष्ट येऊन मिळते. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता बाहेर पडतो आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातो. गाळप आटोपून माणसे परततात तोवर उन्हाळा लागलेला असतो. या काळात घरकुलांच्या ओळीतली निम्मी दारे कुलपात असतात, मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेसाठी ठेवलेली मुले. उपद्रव करणाऱ्याला याहून सोयीचा हंगाम नाही. बंद घराच्या ओट्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि हटकणारा धडधाकट माणूस त्या वेळी पाचशे किलोमीटरवर फडात असतो. ज्याने सहा महिने पालात काढून घराच्या भरावाला पैसा लावला, त्याच्या घराचा उपयोग तो नसताना कोण कशासाठी करतो, हे त्याला परतल्यावर कळते. तोवर तक्रार करण्याची वेळ टळलेली असते.

तक्रारीची पायवाट

समजा, अशा ओळीतल्या एखाद्या बाईने धीर केला आणि तक्रार करायचे ठरवले. ती प्रथम ग्रामपंचायतीत जाते. ज्याला कालपरवापर्यंत ग्रामसेवक म्हणत आणि आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो गृहस्थ दोन-तीन गावांचा कारभार पाहत असतो. तो म्हणतो, ही भांडणाची बाब आहे, पोलीस पाटलाकडे जा. पोलीस पाटील हा १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमलेला, पण त्याच गावात राहणारा, त्याच भावकीत वावरणारा माणूस. तो दोघांनाही समजावतो. समजावणीने चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी उपद्रव दुणावतो, कारण आता तक्रार कोणी केली हे समोरच्याला माहीत झालेले असते.

मग ठाणे. ठाण्यात शिवीगाळ आणि धमकी यांची नोंद बहुधा अदखलपात्र म्हणून होते. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, कलमांचे आकडे बदलले, पण ही व्यवस्था आहे तशीच राहिली. बाईच्या हाती एक कागद येतो, त्यावर खाली छापलेले असते की आपण न्यायालयात दाद मागावी. दिवसाची मजुरी बुडवून ठाण्यात आलेल्या बाईला हा सल्ला म्हणजे सभ्य भाषेतला नकारच होय.

सार्वजनिक उपद्रवाचे कलम आहे, पण त्याची व्याख्याच 'सार्वजनिक' आहे; एका घराला होणारा जाच त्यात बसवताना कस लागतो. आणि बसवला तरी १८६० च्या दंडसंहितेत त्याला २०० रुपये दंड होता, तो नव्या न्यायसंहितेत १,००० रुपयांपर्यंत गेला आहे. ज्याची दारूची रोजची विक्री याहून मोठी आहे, त्याच्या दृष्टीने हा दंड नव्हे, परवाना शुल्क आहे.

राहता राहिली ती ज्याला ठाण्याच्या भाषेत 'चॅप्टर केस' म्हणतात ती. शांतताभंगाची भीती असल्यास कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तालुक्यात बहुधा तहसीलदार, संबंधिताकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बंधपत्र-जामीन घेऊ शकतो. कलम चांगले आहे. गुन्हा घडण्याची वाट न पाहता ते आधी हात धरते. परंतु व्यवहारात त्याचे काय होते हे ज्यांनी तहसीलच्या व्हरांड्यात दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको. भांडण दोघांचे, म्हणून कागद दोघांवरही, ही सोपी रीत अनेकदा पडते. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा एकाच बाकावर बसतात, एकाच तारखेला येतात, सारखाच जामीन देतात. त्यांपैकी एकाला तारखांची सवय असते आणि दुसऱ्याची त्या दिवसाची मजुरी जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुसऱ्यांदा तक्रार करायला ती बाई जात नाही, आणि वर्षअखेरच्या तक्त्यात तक्रारींची संख्या घटल्याची नोंद समाधानाने होते.

दारूच्या बाबतीत कायद्याची शस्त्रे अधिक आहेत असे दिसते. १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. मार्च २००८ च्या आदेशाने महिलांना मतदानाने परवानाधारक दुकान बंद करण्याचा, म्हणजे बाटली 'आडवी' करण्याचा मार्ग मोकळा केला. २०१६ साली अवैध दारूविरुद्ध ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. परंतु यातली गंमत, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द नाही, अशी की मतदान होते ते परवाना असलेल्या दुकानाविरुद्ध. घरकुलाच्या मागच्या दारी विकली जाणारी बाटली मुळातच बेकायदा. तिला आडवी करायला मतपेटी नसते. तिच्याविरुद्ध कोणीतरी नाव घेऊन उभे राहावे लागते.

नाव घेण्याची भीती

सगळे घोडे येथे अडते. नाव घेऊन उभे राहण्याची किंमत काय असते याबद्दल बीड जिल्ह्यातल्या माणसाला व्याख्यान देण्याची गरज नाही. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. ते प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि शेजाऱ्यांच्या कटकटीशी त्याची तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण गावाने निवडून दिलेला माणूस जेथे सुरक्षित राहिला नाही, तेथे घरकुलात एकटी राहणारी बाई ओट्यावर बसलेल्या टोळक्याचे नाव कागदावर लिहून देईल, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? एका घटनेने सबंध जिल्ह्याचे तोंड शिवले जाते. तक्रार न करणे हा त्या बाईचा भित्रेपणा नसून तिचा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

या दृष्टीने मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेला एक निर्णय मराठवाड्यातल्या वाचकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कुर्ल्याचे नेहरूनगर ही मुंबईतली गृहनिर्माण मंडळाची जुनी वसाहत. तेथील रहिवाशांच्या संघटना परिसरातील ध्वनिक्षेपकांच्या त्रासाबद्दल न्यायालयात गेल्या होत्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही. नियम स्पष्ट होते, अंमलबजावणी नव्हती. न्यायमूर्ती अ. स. गडकरी आणि न्या. श्या. चांडक यांच्या खंडपीठाने कोणत्याही धर्मासाठी ध्वनिक्षेपक हा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले, त्याचीच वृत्तपत्रांत चर्चा झाली, आणि ज्याने त्याने त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. त्याच निर्णयातल्या दुसऱ्या सूचनेकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. तक्रारदाराची ओळख पटवण्याच्या भरीस न पडता पोलिसांनी आवाज मोजावा आणि कारवाई करावी, तक्रारदाराचे नाव उघड होऊन तो द्वेषाचा धनी होऊ नये, ही ती सूचना. आवाजाच्या बाबतीत हे सहज शक्य आहे, कारण आवाज यंत्र मोजते. साक्षीदाराची गरज नाही. पण तत्त्व त्याहून व्यापक आहे. जे उघड्यावर दिसते, ऐकू येते, नाकाला कळते, ते सिद्ध करण्यासाठी एका दुबळ्या माणसाला पुढे उभे करण्याचे कारण काय? गस्तीवरच्या शिपायाला डोळे आणि कान असतात.

गावकीचे जुने हत्यार

पूर्वी असे नव्हते, गाव एक होते, वडीलधाऱ्यांचा धाक होता, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. धाक होता हे खरे. तो कोणाचा आणि कोणावर होता हे विचारले की गप्पा थांबतात. गावकीचे अंतिम हत्यार वाळीत टाकण्याचे होते. पाणी बंद, किराणा बंद, विस्तव बंद. हे हत्यार दारुड्यावर जितके चालले त्याहून अधिक ते पानवठ्याला शिवणाऱ्यावर, जातीबाहेर लग्न करणाऱ्यावर आणि वेठ नाकारणाऱ्यावर चालले. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला आणि २०१७ पासून तो अमलात आला, ही या राज्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. मात्र जुने हत्यार काढून घेतल्यावर त्या जागी कायद्याचे जे नवे साधन द्यायला हवे होते ते दिले गेले नाही. घरकुलांची ओळ ही गावकीच्या धाकाबाहेरची, आणि राज्याच्या नजरेबाहेरचीही वस्ती झाली.

अपवाद करायचा तर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा करावा लागेल. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, ती सुरू झाली. गावातले मिटण्याजोगे तंटे गावातच, समितीपुढे, लेखी तडजोडीने मिटवावेत आणि नवे तंटे उद्भवू नयेत अशी तिची रचना होती. आरंभीच्या वर्षांत गावेच्या गावे पारितोषिकासाठी चढाओढीने कामाला लागली. पुढे अनेक गावांत समितीचे अध्यक्षपद हाच एक तंटा झाला, आणि ज्याच्या विरुद्ध तक्रार त्याचाच चुलता समितीत, असे प्रकार लोकांनी पाहिले. मोहिमेला यश मोजायचे होते ते मिटलेल्या तंट्यांच्या संख्येवर, आणि 'मिटला' हा शब्द फार लवचीक आहे. दुबळ्याने सही केली की तंटा मिटतो. तरीसुद्धा, तालुक्याला न जाता गावातच, लेखी, साक्षीने, आठवड्याच्या आत ऐकून घेणारे कोणी असावे ही त्यामागची कल्पना टाकाऊ नव्हती. अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी 'मनस्विनी'च्या द्वारे बायकांच्या गाऱ्हाण्यांना जो कान दिला, त्याचे मोल ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे पटेल. ऐकून घेणारा तटस्थ आणि बाहेरचा असला की बोलणाऱ्याची जीभ सुटते.

घरमालक कोण?

एक मूलभूत भेद येथे नोंदवला पाहिजे. विलायतेत सार्वजनिक गृहनिर्माण म्हणजे नगरपालिकेची भाड्याची घरे. तेथे उपद्रवी भाडेकरूला जाब विचारणारा मालक असतो. आमच्याकडे घरकुल लाभार्थ्याच्या मालकीचे होते, पुष्कळदा घरातल्या बाईच्या किंवा दोघांच्या नावे होते, आणि हे योग्यच आहे. पण त्यामुळे सामाईक वाट, गटार, दिवा, हातपंप आणि शांतता यांना मालक उरत नाही. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत अगदी उलट होते. १९२० नंतरच्या काही वर्षांत तत्कालीन सरकारच्या विकास विभागाने बांधलेल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. मालक सरकार, शौचालये सामाईक, आणि गॅलरी सर्वांची. त्या गॅलरीत भांडणे झाली, १९७४ च्या जानेवारीत वरळीत जातीय दंगलही झाली. पण गॅलरीला एक नजर होती. कोणाच्या घरी कोण आले, कोण ओरडले, कोण रडले, हे लपत नसे. आता त्या चाळी पाडून ५०० चौरस फुटांची घरे देण्यात येत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. रहिवाशांचे अभिनंदनच केले पाहिजे. बंद दारांच्या उंच इमारतीत जिना आणि उद्वाहन यांची जबाबदारी सहकारी संस्थेवर येते, आणि त्या संस्थेतल्या तक्रारी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या लांबलचक वाटेने जातात. उपद्रवी सभासदाला काढून टाकण्याचे कलम त्यात आहे. त्यासाठी तीन-चतुर्थांश बहुमत आणि निबंधकाची मान्यता लागते. धर्मापुरीच्या ओळीला एवढीही संस्था नाही.

मग विलायतेसारखे करावे काय? सावधगिरी बाळगावी हे उत्तम. ब्रिटनने १९९८ साली समाजविघातक वर्तनाविरुद्ध खास आदेशांचा कायदा केला. आदेश मोडला की पाच वर्षांपर्यंत कैद. थोड्याच वर्षांत असे दिसले की हे आदेश भिकारी, मनोरुग्ण आणि उनाड पोरे यांच्यावरच मोठ्या प्रमाणावर बजावले जात आहेत. २०१४ साली ती पद्धत बदलली. नव्या कायद्यातली एक तरतूद मात्र घेण्यासारखी आहे. सहा महिन्यांत तीनदा तक्रार करूनही काही झाले नाही, तर सर्व संबंधित खात्यांना एकत्र बसून त्या प्रकरणाचा फेरविचार करण्यास भाग पाडण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. शिक्षा वाढवण्यापेक्षा उत्तर देण्याची सक्ती खात्यांवर करणे, हा विचार आमच्या कायदेकर्त्यांना सहसा सुचत नाही.

सावधगिरीचे खरे कारण तर आमच्या घरातलेच आहे. 'उपद्रवी' हा शिक्का कोणी कोणावर मारायचा? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमाती जन्मतः उपद्रवी ठरवल्या आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात, हजेरी देत राहिली. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारध्याचे पाल गावाजवळ पडले की आजही पहिला संशय कोठे जातो हे आपण जाणतो. घरकुलाच्या वस्तीबद्दल गावठाणातून येणाऱ्या तक्रारींत किती तक्रार आणि किती जात, हे तपासल्यावाचून कारवाई करणे म्हणजे जुन्या वेशीला नवे कुलूप लावणे होय. दलित वस्तीतल्या जयंतीचा आवाज कानाला लागतो आणि पाटलाच्या मुलाच्या वरातीचा लागत नाही, असे कान आपल्याकडे कमी नाहीत. डेसिबलचे यंत्र यासाठीही उपयोगी आहे. त्याला आडनाव ऐकू येत नाही.

आणि शेजाऱ्यांची पुष्कळशी भांडणे मुळात शेजाऱ्यांची नसतातच. मोरीचे पाणी दुसऱ्याच्या दारी जाते, कारण गटार नाही. नळाला मोटार लागते, कारण पाणी आठवड्यातून एकदा आणि तेही सूतभर येते. उकिरडा वाटेवर येतो, कारण वाटेवाचून जागा मोजून दिलेली नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहराच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध नगरपालिकेला न्यायालयात खेचले होते, आणि १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने निकाल दिला की पैसा नाही ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही. ज्या कलमाखाली तो आदेश झाला ते कलम फौजदारी संहितेतले, उपद्रव निवारणाचे, कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या हातातले. नव्या संहितेत ते कलम १५२ म्हणून जसेच्या तसे आहे. तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याने दोन शेजारणींना जामिनासाठी बोलावण्यापूर्वी त्या ओळीतल्या गटाराबद्दल ग्रामपंचायतीला या कलमाची नोटीस काढली, तर निम्मी प्रकरणे तेथेच संपतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी फार मोठी यंत्रणा उभारण्याची जरुरी नाही. तक्रार घेणाऱ्याने तारीख घातलेली पोच द्यावी, आणि ती तोंडी तक्रारीलाही द्यावी. तक्रारदाराचे नाव समोरच्याला कळवू नये. दोघांवर सरसकट कागद करण्यापूर्वी, आधीच्या पोचपावत्या कोणाकडे आहेत हे पाहावे. गाळपाच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल, कुलूपबंद घरांच्या ओळींवर गस्तीची नोंदवही ठेवावी. शिपायाने तेथे जाऊन सही करावी, ठाण्यात बसून नव्हे. घरकुलांच्या दुरुस्ती-सोयींचा विषय ज्या ग्रामसभेत निघतो, त्या सभेची एक बैठक मजूर परतल्यानंतर, मे महिन्यात घ्यावी. सध्या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी २६ जानेवारीला निम्मा गाव फडात असतो, आणि बंद घराच्या ओट्यावर कोण बसते याविषयीचे ठराव त्या घराच्या मालकाच्या गैरहजेरीत होतात. किंवा, बहुतेक वेळा, होतच नाहीत.